गोब्लिनच्या नऊ तलवारी कोण विकत घेणार?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवण्याच्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत लढाईला एक आख्खं प्रकरण दिलंय. कोण आधी, कोण नंतर, किती फूट सरकायचं, आडोसा घेतला तर काय, सगळं बारकाईने लिहिलेलं. बाजारहाटाच्या वाट्याला येतात ते दरांचे तक्ते, बाकीचं बहुतेक डीएमवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरवर. त्यामुळे टेबलावर दोनपैकी एक होतं. एकतर डीएम म्हणतो, "बरं, दोर घेतला, एक सोन्याचं नाणं वजा कर," आणि गाव मागे पडतं. नाहीतर दुकानदाराला एक गमतीशीर आवाज मिळतो, पाऊण तास गप्पा रंगतात आणि शेवटी हातात तोच दोर असतो. गोष्ट होती तिथेच.

यातला पहिला प्रकार मला अजिबात वाईट वाटत नाही. पन्नास फूट दोर, दहा मशाली, सहा दिवसांची शिदोरी ही खरेदी एका वाक्यात उरकावी. दोर एक सोन्याचं नाणं, मशाल एक तांब्याचं, शिदोरी माणशी रोज पाच चांदीची. पाच जण, सहा दिवस, म्हणजे १५ सोन्याची. लिहा आणि निघा. प्रसंग खेळायचा तो समोरच्या माणसालाही स्वतःचं काहीतरी हवं असेल तेव्हा. "माल विकायचाय" एवढं पुरत नाही, ते प्रत्येकच दुकानदाराला हवं असतं. तीच शिदोरी हिवाळा तोंडावर असताना साठ घरांच्या वाडीत मागितली, तर प्रसंग आपोआप तयार होतो. कोठारात आहे ते वाडीला पुरवायचंय. कोठार सांभाळणाऱ्या म्हातारीला सोनं नकोय, तिला कुणीतरी घाटाखालून धान्य आणून द्यायला हवंय. आता बोलायला विषय आहे.

डीएमने आधी एक गोष्ट पाठ करावी: दर आणि मजुरी. एक सोन्याचं म्हणजे दहा चांदीची, म्हणजे शंभर तांब्याची. अंगमेहनतीच्या मजुराला दिवसाला दोन चांदीची मिळतात, कसबी कारागिराला दोन सोन्याची. बिअरचा एक मग चार तांब्याचा, पाव दोन तांब्याचा, कोंबडी दोन तांब्याची, शेळी एक सोन्याची, गाय दहाची. जखम भरून काढणाऱ्या औषधाची एक कुपी पन्नास सोन्याची, म्हणजे मजुराची २५० दिवसांची कमाई. हा एक आकडा डोक्यात ठेवला तरी गावकरी कसे वागतील ते निम्मं सुचतं. तिसऱ्या लेव्हलचं कॅरेक्टर, म्हणजे खेळाडूचं पात्र, कमरेला अशा दोन कुप्या लटकवून सराईत शिरतं, तेव्हा तिथल्या लोकांच्या नजरेला ती वर्षभराहून जास्तीची मजुरी दिसते. कुणी अदबीने वागेल, कुणी दर चढवेल, कुणी आजारी मुलाला घेऊन समोर येऊन उभं राहील.

सुट्ट्या पैशांचंही तसंच. खेळाडू ऐटीत प्लॅटिनमचं नाणं फेकतो आणि बिअर मागतो. ते नाणं म्हणजे हजार तांब्याची. सराईवाल्याने ९९६ तांब्याची नाणी परत द्यायची. पुस्तकाप्रमाणे पन्नास नाण्यांचा एक पौंड, म्हणजे जवळजवळ वीस पौंडांची पिशवी. चांदीत द्यायची तरी ९९ चांदीची आणि सहा तांब्याची हवीत, आणि एवढी चांदी खेड्यातल्या गल्ल्यात नसते. तो म्हणेल, "सुट्टे नाहीत, राहू द्या, उद्या द्या." म्हणजे उधारी. उधारी म्हणजे ओळख, आणि उद्या सकाळी परत यायचं कारण. सवय म्हणून फेकलेल्या एका नाण्यातून प्रसंग निघतो, त्यासाठी वेगळं काही लिहून ठेवावं लागत नाही.

आता तलवारी. पहिल्या काही सेशनमध्ये जवळपास प्रत्येक टेबलावर हे होतंच: गोब्लिन मारले, त्यांच्या सिमिटर (वाकड्या पात्याच्या तलवारी) गोळा केल्या, गावात विकायला आणल्या. नवी सिमिटर २५ सोन्याची. चांगल्या अवस्थेतली शस्त्रं बाजारात निम्म्या किमतीला जातात असं पुस्तक म्हणतं, आणि खेळाडूला नेमकं हेच वाक्य आठवतं. नऊ तलवारी, साडेबारा प्रमाणे ११२ सोन्याची आणि पाच चांदीची. त्याच्या लगेच पुढचं वाक्य तो विसरतो: राक्षसांनी वापरलेली शस्त्रं विकण्याजोगी असणं दुर्मीळ. डीएम ते वाक्य वाचून दाखवतो, विषय संपतो, खेळाडू हिरमुसतो. नियमाप्रमाणे बरोबर, पण हातातली चांगली संधी गेली.

त्यापेक्षा दोन टोकं काढा. वरचं टोक ११२ सोन्याची. खालचं टोक मोडीचं: सिमिटर तीन पौंडांची, लोखंड पौंडाला एक चांदीचं, नऊ तलवारींचे २७ पौंड, म्हणजे दोन सोन्याची आणि सात चांदीची. या दोन टोकांमध्ये भरपूर जागा आहे आणि घासाघीस तिथेच चालते. मग ठरवा की नऊपैकी तीन तलवारी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. त्यांचे साडेसदतीस, उरलेल्या सहा मोडीत, त्यांचे एक सोन्याचं आणि आठ चांदीची. रास्त भाव झाला ३९ सोन्याची आणि तीन चांदीची. हा आकडा डीएमच्या वहीत राहतो. तिसरी गोष्ट, लोहारणीच्या पेटीत रोकड किती? वीस धरा. आणि चौथी, तिला स्वतःला काय हवंय? गोब्लिनांमुळे कोळशाची गाडी येणं थांबलंय आणि भट्टी अर्ध्या आचेवर चाललीय.

एवढी तयारी दोन मिनिटांची. टेबलावर ती साधारण अशी उतरते:

"नऊ आहेत. निम्म्या भावाने द्या, एकशे बारा."

लोहारीण एक पातं उजेडाकडे धरते, अंगठ्याने धार चाचपते. "हिला खाच पडलीय. ही वाकलीय. ही तर पुसलीसुद्धा नाहीत तुम्ही. कुठून आणल्या?"

"नाल्यापलीकडून. काल टोळी मारली."

"सगळी?"

"दोघं पळाले."

ती पातं खाली ठेवते. "कुठल्या बाजूला पळाले? रस्त्याकडे, की रानात?"

इथे डीएमने थांबावं. तलवारी आणल्यात आणि ती रस्त्याबद्दल विचारतेय, हे खेळाडूंना कळू द्यावं. कुणीतरी विचारतं, "रस्त्याचं का विचारताय?" आणि कोळसा बाहेर येतो. कुणी विचारलंच नाही, तर तिने आपणहून सांगू नये. चाळीसच्या आसपास सौदा फिसकटतो आणि ते निघून जातात, तेही चालेल. विचारलं, तर सौद्याचं रूपच बदलतं. कोळशाची गाडी सुखरूप आणून द्या, ती सगळ्या तलवारी ठेवून घेते, वीस रोख देते आणि उरलेल्या एकोणीस नाण्यांचं काम करून देते. कारागिराची रोजची दोन सोन्याची धरली तर हे साडेनऊ दिवसांचं काम: घोड्यांना नाल, साखळी-चिलखताची डागडुजी, बाणांची टोकं. आता पार्टीचं, म्हणजे खेळाडूंच्या चमूचं, या गावात येणं आहे. पुढच्या चार सेशनमध्ये "आपलं अजून लोहारणीकडे सहा दिवसांचं काम बाकी आहे" हे वाक्य खेळाडू स्वतः म्हणतात, आणि तेव्हा त्या गावावर संकट आणलं तर त्यांना ते लागतं.

अशा माणसासाठी पानभर इतिहास लिहू नये. एका कार्डावर चार ओळी पुरतात: नाव, हातात काय काम चाललंय, आत्ता काय हवंय, काय झालं तरी काय करणार नाही. यातली दुसरी ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते आणि नेमकी तीच लोक गाळतात. हातात काम असलं की माणूस जिवंत वाटतो, आणि अभिनय येत नसलेल्या डीएमलाही टेकायला काहीतरी मिळतं. मासे साफ करता करता उत्तर देणारी कोळीण प्रश्न अडचणीचा आला की सुरी थांबवते. तेवढं सांगितलं की इनसाइटचा चेक (समोरच्याचं मन ओळखण्यासाठीचा फासा) न टाकताही अर्ध्या टेबलाला कळतं. चौथी ओळ डाइस हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून असते, तिच्याकडे पुढे येतोच.

आवाजाचं दडपण उगाच घेतलं जातं. वेगवेगळे आवाज काढता येणं छान आहे, पण सत्तावीस माणसांना सत्तावीस आवाज कुणालाच जमत नाहीत, आणि तिसऱ्या सेशनला कुठला आवाज कुणाचा हे डीएमलाच आठवत नाही. बोलण्याचा वेग आणि वाक्याची लांबी या दोनच गोष्टी बदला. हळू आणि तुटक, भरभर आणि लांबलचक, हळू आणि लांबलचक, भरभर आणि तुटक: चार माणसं झाली, घशाला ताण नाही.

नावांची यादी मात्र आधी हवीच. दहा-बारा नावं कागदावर, वापरलं की खूण करून समोर गाव आणि धंदा लिहायचा. यादी नसली की खेळाडूने सहज विचारलेल्या नावावर डीएम अडखळतो, आणि त्या अडखळण्यावरून टेबलाला लगेच कळतं की हा माणूस बिनमहत्त्वाचा. मग ते नाव असलेल्यांशीच बोलतात आणि गावातली बाकी माणसं भिंतीवर रंगवलेली उरतात.

मराठीत खेळणाऱ्या टेबलांच्या हाती याहून एक चांगलं हत्यार आहे आणि ते पुरेसं वापरलं जात नाही. तू, तुम्ही, आपण. पहारेकरी सरदाराच्या पोराला "आपण" म्हणतो, चिलखतातल्या बाईला "तुम्ही" आणि मागे उभ्या बुटक्या जमातीच्या हाफलिंगला "तू", यात त्या शहराची सगळी उतरंड तीन वाक्यांत येते, कुठलंही वर्णन न करता. हाफलिंगचा खेळाडू चिडतो, आणि त्याने चिडावंच. लोहारीण पहिल्या भेटीला सगळ्यांना "तुम्ही" म्हणते आणि गाडी आणून दिल्यावर पार्टीतल्या धाकट्याला "अरे, जेवून जा" म्हणते, तेव्हा तिचा भाव बदलल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. उलटही करता येतं: काल "अगं, बस की" म्हणणारी आज "काय हवंय आपल्याला?" विचारते. कॉन्व्हेंटात शिकलेल्या, निम्मं इंग्रजीत खेळणाऱ्या ग्रुपलाही हे तत्काळ समजतं. अट एकच, डीएमने कार्डावर प्रत्येकाचं संबोधन लिहून ठेवावं. चुकून "तुम्ही"चं "तू" झालं तर खेळाडू त्यातून भलताच अर्थ काढतात.

डाइस केव्हा टाकायचे, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात यासाठी एक सोपी सोय आहे आणि ती न वाचताच पुष्कळ लोक खेळतात. समोरचा माणूस तीनपैकी एका भावात असतो: स्नेही, उदासीन किंवा वैरी. उदासीन माणूस चेक १० गाठल्यावर सांगितलेलं करतो, पण त्यात त्याला धोका किंवा झीज नसेल तरच. २० गाठला तर थोडा धोका पत्करतो. स्नेही माणूस १० ला थोडा आणि २० ला मोठा धोका घेतो. वैरी माणसाकडून २० ला मिळतं ते फक्त बिनधोक्याचं काम. दुकानदार बहुतेक वेळा उदासीन असतो, त्यामुळे "तलवारी अर्ध्या किमतीत दे" यावर पर्सुएजन (मन वळवण्याचा चेक) २३ आला म्हणून तो दुकान लुटू देत नाही. तो थोडा धोका पत्करेल: उधार देईल, किंवा मागच्या खोलीतला माल दाखवेल. आणि विसावर वीस पडला की हमखास यश हा नियम हल्ल्याच्या फाशाचा आहे, कौशल्याच्या चेकचा नाही. कार्डावरची चौथी ओळ इथे कामी येते. लोहारीण काही झालं तरी वडिलांची ऐरण विकणार नाही असं लिहिलं असेल, तर त्या मागणीवर डाइस टाकायलाच सांगू नये. डाइस टाकू दिले आणि वीस पडल्यावर नाही म्हटलं, तर भांडण ठरलेलं.

२०२४ च्या सुधारित नियमांत इन्फ्लुएन्स नावाची स्वतंत्र अॅक्शन आली. स्नेह्याशी बोलताना अॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा घ्यायचा), वैऱ्याशी डिसअॅडव्हान्टेज (लहान घ्यायचा), गाठायचा आकडा १५ किंवा समोरच्याची इंटेलिजन्स, जे जास्त असेल ते. फसलं तर तीच गळ त्याच प्रकारे पुन्हा घालायला २४ तास थांबायचं. ही शेवटची अट जुन्या आवृत्तीत खेळणाऱ्यांनीही उचलावी. एकाने पर्सुएजन हरल्यावर उरलेल्या चौघांनी ओळीने तोच चेक टाकण्याचा प्रकार, ती सगळ्या पार्टीला लावली तर, थांबतो.

क्रम असा ठेवा: खेळाडू आधी सांगतो काय हवंय आणि कुठल्या आधारावर मागतोय, डीएम समोरच्याचा भाव ठरवतो, मग फासा, आणि निकाल आल्यावर उरलेलं संभाषण. आधी फासा आणि मग भाषण असं केलं तर भाषण पोकळ होतं. आधी पूर्ण भाषण आणि मग फासा यात वेगळी पंचाईत: बोलघेवडा खेळाडू उत्तम बोलतो, फाशावर तीन पडतात, आणि सगळ्यांना अन्याय वाटतो. बोलायला लाजणाऱ्या खेळाडूने "माझी क्लेरिक (पुजारीण) तिला सांगते की देवळातून कोळशासाठी चिठ्ठी मिळवून देईन" एवढं तृतीयपुरुषी म्हटलं तरी ते पूर्ण रोलप्ले आहे. पुस्तकातही वर्णन करून खेळणं आणि प्रत्यक्ष बोलून खेळणं अशा दोन्ही पद्धती दिल्या आहेत. आवाज काढणाऱ्यालाच जास्त दाद देणारी टेबलं हळूहळू शांत माणसं गमावतात, आणि ते नुकसान मोठं असतं.

बाजारातले प्रसंग बिघडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: एक बोलतो आणि चौघं मोबाइल काढतात. पाच मिनिटांत सौदा संपत नसेल तर डीएमने मध्येच तोडावा आणि बाकीच्यांकडे वळावं: "ती लोखंड तोलतेय, तोवर तू कुठे उभा आहेस?" मदत करून अॅडव्हान्टेज द्यायचा असेल तर मदत म्हणजे नेमकं काय ते सांगायला लावा. "मी हेल्प करतो" एवढं पुरत नाही. "मी भात्यापाशी जाऊन मोडलेला दट्ट्या दाखवतो" हे पुरतं, शिवाय त्यातून आणखी एक धागा निघतो.

दुसरं कारण डीएमच्या बाजूचं. प्रत्येक दुकानदार खडूस, प्रत्येक पहारेकरी उर्मट, प्रत्येक सराईवाला लबाड. आव्हान म्हणून असं केलं जातं, आणि पाच-सहा सेशननंतर खेळाडू माणसांशी बोलणंच सोडतात, कारण बोलण्यातून कधी काही चांगलं निघालेलंच नसतं. मग तलवार निघते, आणि डीएम तक्रार करतो की ग्रुप हिंसक आहे. दहा माणसांत सहा-सात साधी, कामात असलेली, विचारलं तर नीट उत्तर देणारी असू द्या. खेळाडूने चोरी केली तर त्याच्यावर एकदम दहा सैनिक सोडू नका. दुसऱ्या दिवशी गावभर दर दीडपट, आणि सराईवाली खोलीचे पाच चांदीचे पैसे आधी मागते, एवढं बोलकं उत्तर पुरतं. डीएमच्या दोन पात्रांचं आपसातलं संभाषण तर कधीच आवाजात करू नये. "दोघं हळू आवाजात भांडतात, विषय त्यांच्या बहिणीच्या लग्नाचा आहे" इतकं सांगून पुढे जावं.

कॅरेक्टरांनी एकमेकांशी बोलायलाही जागा लागते, आणि ती रात्रीच्या मुक्कामात सापडते. पाचव्या आवृत्तीत लाँग रेस्ट, म्हणजे पूर्ण विश्रांती, आठ तासांची: किमान सहा तास झोप आणि जास्तीत जास्त दोन तास हलकं काम, त्यात पहारा बसतो. चौघांची पार्टी असेल तर प्रत्येकाला दोन तासांचा पहारा नेमका येतो आणि पहारा बदलताना तीन वेळा दोघं-दोघं जागे असतात. त्यातली एकच जोडी निवडा, दर रात्री नवी. "काहीतरी बोला" म्हणू नका, त्याने दोघंही गोठतात. ठोस परिस्थिती द्या: "तू त्याला उठवायला गेलास, तर तो आधीच जागा होता. का?" किंवा "तिच्या पडशीतून एक पत्र खाली पडलंय, सील फुटलेलं नाही." तीन-चार मिनिटं, मग सकाळ. बोलणं रंगलं तर चालू द्या, नाही रंगलं तर ओढू नका.

ज्यांच्यासाठी कार्डच नाही अशा वाटेवरच्या माणसांसाठी १९८१ च्या बेसिक संचातला जुना तक्ता आजही उपयोगी आहे. दोन सहाबाजूचे फासे: २ आला तर थेट हल्ला, ३ ते ५ शत्रुत्व, ६ ते ८ संभ्रम, ९ ते ११ हल्ला नाही, १२ आला तर उत्साहाने मैत्री. तो राक्षसांसाठी होता, पण गाडीवान, मेंढपाळ, यात्रेकरू यांनाही लागू पडतो, फक्त खालची टोकं मवाळ करा: २ म्हणजे शिव्या देत काठी उगारतो, ३ ते ५ म्हणजे वाट सोडत नाही. सगळ्यात जास्त वेळा ६ ते ८ येतात, म्हणजे माणूस थांबतो आणि तुम्ही काय बोलता याची वाट पाहतो. सेशन संपल्यावर भेटलेल्यांपैकी ज्यांच्या बाबतीत काही बदललं त्यांची एक-एक ओळ वहीत टाका: कुणाकडे किती उधारी, कुणाला काय कबूल केलंय, कोण आता "तू" म्हणतं. त्या माणसाला पुढच्या भेटीला फासे टाकायचे नाहीत, वहीतल्या ओळीपासून सुरू करायचं.